बचत गटाकडून वर्षाचे कोकम घेताना

शहरातील एखाद्या गृहनिर्माण सोसायटीला, कार्यालयाला किंवा खानावळीला कोकणातील ग्रामोद्योगाला हातभार लावायचा असेल, तर प्रदर्शनातून कौतुकाने दोन पाकिटे उचलण्यापेक्षा हंगामाआधी दिलेली एक लेखी मागणी कितीतरी अधिक उपयोगी पडते. कोकमाच्या धंद्यात अडचण बहुधा मालाची नसून वेळेवर हाती येणाऱ्या पैशाची असते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मेमध्ये पिकतात, पिकल्यावर फार दिवस थांबत नाहीत आणि पावसाआधी साली खडखडीत उन्हात वाळल्या नाहीत तर त्यांना बुरशी येते. त्यामुळे फळांची खरेदी, मीठ, बरण्या आणि फळे फोडणाऱ्या बायकांची मजुरी हा सारा खर्च काही आठवड्यांतच करावा लागतो, आमसुले मात्र पुढे वर्षभर थोडी थोडी विकली जातात. भांडवल अपुरे पडले की गट रातांबे तसेच व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो आणि प्रक्रियेतून मिळणारा नफा गावाबाहेर जातो.

म्हणून मागणी फेब्रुवारी-मार्चमध्ये नोंदवावी. सोसायटीत आधी घरटी अंदाज घ्यावा: आमसुले किती, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) किती, सरबताचे गोड कोकम किती. मग एकत्रित आकडा गटाला कळवून एकूण रकमेच्या निम्मी रक्कम गटाच्या बँक खात्यात आगाऊ भरावी. ती एखाद्या सदस्येच्या वैयक्तिक खात्यात भरू नये, कारण गटाच्या खात्यातील नियमित उलाढाल पुढे बँकेकडे कर्ज मागताना दाखवता येते. भाव, वजन, माल पोहोचवण्याचा महिना, वाहतुकीचा खर्च कोणाकडे आणि पावसाने माल बिघडला तर आगाऊ रकमेचे काय करायचे, एवढे मुद्दे एका कागदावर उतरवले तरी पुरे.

भाव ठरवताना बाजारातील सर्वांत स्वस्त आमसुलांशी तुलना करू नये. रातांब्याची साल मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, असे अनेकदा करावे लागते. हे काम उरकून घेतले आणि मीठ सढळ हाताने टाकले की वजन वाढते आणि किलोचा भाव कमी दिसतो. म्हणून आधी नमुना मागवावा. चांगले आमसूल काळपट जांभळे, दाबल्यावर मऊ आणि किंचित चिकट लागते. त्यावर मिठाचा पांढरा थर किंवा बोटाला लागणारी वाळू नसावी. चार आमसुले कोमट पाण्यात टाकून ठेवली की पाण्याला रंग चढतो आणि ते चाखून आंबटपणा व खारटपणा यांचा अंदाज येतो. मीठ कमी हवे असल्यास तसे आधी सांगावे, मात्र असा माल कमी टिकतो हेही गृहीत धरावे.

पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि निव्वळ वजन असलेच पाहिजे. गटाची नोंदणी नसेल तर मागणी रद्द करण्याऐवजी ऑनलाइन अर्ज भरण्यास मदत करावी. सोसायटीत हे काम जाणणारे कोणी ना कोणी असतेच. लघुउद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम नोंदणीला शुल्क लागत नाही, तेव्हा तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालापासून गटाला सावध करावे. ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु ते पाकिटावर छापण्यासाठी उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते. गटाने ती केली आहे का, हे विचारून घ्यावे.

आगळ मागवत असाल तर वाहतुकीचा विचार आधी करावा. पातळ बाटल्यांची झाकणे प्रवासात सैल होऊन खोकी भिजतात. त्याऐवजी पाच लिटरचे जाड कॅन मागवून सोसायटीतच वाटप केल्यास पॅकिंगचा खर्चही वाचतो.

माल उतरल्यावर तपासणी त्याच आठवड्यात उरकून उरलेली रक्कम लगेच भरावी. खरेदीदार कंपनी असेल आणि गटाची उद्यम नोंदणी सूक्ष्म उत्पादक म्हणून झालेली असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे रोखता येत नाहीत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. माल कमी प्रतीचा निघाल्यास बिलातून परस्पर कापून न घेता कोणत्या खोक्यात काय दोष आढळला ते छायाचित्रासह कळवावे, म्हणजे वाळवण कुठे कमी पडली हे गटाला शोधता येते आणि पुढच्या हंगामाची मागणी त्याच बोलण्यात नक्की करता येते.