खान्देशच्या उन्हात तग धरेल असा आर्किटेक्चरचा लॅपटॉप
आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला असेल तर आधी रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, लक्षात ठेवा. ते विंडोजवरच चालतं, म्हणून मॅकबुकचा मोह टाळा. रॅम किमान १६ जीबी, आणि पुढे ३२ करता येईल का, हे दुकानदाराला नक्की विचारा. रेंडरिंगसाठी, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढायला, वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. पण आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाची. बरेच लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री रेंडर रखडतो. म्हणून दोन पंख्यांचा, थोडा जाडच घ्या. गादीवर ठेवून रेंडर लावू नका; कूलरच्या दमट झोतासमोर तर मुळीच नको.