घरचा नॅस बाहेरगावाहून उघडत नसेल तर

लातूरच्या घरातला नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला फाइल साठवण्याचा डबा, घरच्या वायफायवर व्यवस्थित चालतो आणि पुण्याहून मात्र उघडत नाही, तेव्हा दोष बहुधा नॅसमध्ये नसतो. म्हणून त्याच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन आयपी पत्ता, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, पाहावा आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील पत्त्याशी ताडून घ्यावा. राउटरवरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर आपला राउटर बहुधा फायबरच्या डब्यामागे जोडलेला दुसरा राउटर असतो. पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले असते, ज्याला सीजीनॅट म्हणतात, आणि मग पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर आलेली विनंती राउटरने नॅसकडे पाठवणे, कितीही अचूक केले तरी उपयोग होत नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता मागता येतो, पण त्याला सहसा वेगळे शुल्क पडते. टेलस्केलसारखे व्हीपीएन, म्हणजे दोन उपकरणांना इंटरनेटवरून खासगी जाळ्यात जोडणारे सॉफ्टवेअर, नॅसवर आणि मोबाइलवर बसवणे मला अधिक सोयीचे वाटते.

पत्ते जुळत असतील, तर वीज जाऊन आल्यावर, आणि मराठवाड्यातील उन्हाळ्यात हे नवे नाही, नॅसला वेगळा अंतर्गत पत्ता मिळाला का, हे तपासावे आणि राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन करून, म्हणजे नॅससाठी एक पत्ता राखून ठेवून, तो कायम करावा. चाचणी मोबाइल डेटावरूनच घ्यावी, कारण अनेक राउटर घरातून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत. वैतागून फाइल शेअरिंगचे ४४५ हे पोर्ट मात्र इंटरनेटला उघडे करू नये.