एचएसपी७०चा ब्लॉट लावताय? या चुका टाळा

"मॅडम, हीट शॉक देऊनही एचएसपी७० वाढतच नाही." दर वर्षी नवी मुलं येतात आणि त्यातलं कुणीतरी हे वाक्य घेऊन माझ्या टेबलापाशी उभं राहतंच. (एचएसपी७० म्हणजे पेशी तापवल्या की, म्हणजे हीट शॉक दिला की, वाढणारं प्रथिन. ब्लॉट म्हणजे जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेन नावाच्या पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखणं.)

मागे एकीचे यात तीन आठवडे गेले. पेशी ४२ अंशांवर तासभर, मग ३७ वर सहा तास, सगळं नीट. ब्लॉटवर मात्र तापवलेल्या आणि न तापवलेल्या लेनमध्ये (नमुन्यांच्या रांगांमध्ये) सारखाच जाडजूड बँड, म्हणजे प्रथिनाचा पट्टा. तिने इनक्युबेटर बदलला, थर्मामीटर बदलला, शेवटी पेशीही बदलल्या. अँटिबॉडीची डेटाशीट तेवढी उघडली नव्हती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ही अँटिबॉडी एचएसपी७० आणि एचएससी७० दोन्ही ओळखते. एचएससी७० हे एचएसपी७०चं भावंड पेशीत कायम वस्तीला असतं, ताण असो-नसो. दोघांचा अमिनो आम्लांचा क्रम साधारण ८५ टक्के सारखा. अख्खं प्रथिन सशाला टोचलं तर त्याच्या सीरममध्ये दोघांनाही धरणाऱ्या अँटिबॉडी येणारच, त्यात सशाची काय चूक? वजनातही फरक इतका थोडा की मिनी जेलवर दोन्ही मिळून एकच बँड दिसतो.

म्हणून किंमत बघण्याआधी मी इम्युनोजेन, म्हणजे अँटिबॉडी बनवायला प्राण्याला काय टोचलं, ते बघते. दोघांमध्ये जास्त फरक सी-टोकाकडे (प्रथिनाच्या साखळीच्या शेवटाकडे) आहे, तिथल्या पेप्टाइडवर (छोट्या तुकड्यावर) बनवलेली अँटिबॉडी मिळाली तर बरं. तरी विश्वास ठेवत नाही. पहिल्या ब्लॉटला शुद्ध एचएसपी७० आणि शुद्ध एचएससी७० शेजारशेजारी चालवते. लॉट (कंपनीची खेप) बदलला की पुन्हा तेच, कारण लॉट बदलला म्हणजे बहुधा ससाही बदलला. यावर मुलं तोंड वाकडं करतात. करू देत.

हीला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कॅन्सर पेशींत न तापवताही एचएसपी७० बऱ्यापैकी असतं. कंट्रोल लेन कोरी दिसली नाही म्हणून घाबरू नका.

दुसरा माझा राग फ्रीजरवरचा. अँटिबॉडीची अख्खी व्हायल (बाटली) दर वेळी वितळवायची, दोन मायक्रोलिटर काढायचे, परत गोठवायची. आणि चार महिन्यांनी "कंपनीचा माल खराब" म्हणायचं. आली त्या दिवशीच दहा-दहा मायक्रोलिटरचे अलिकॉट (छोटे वाटे) करा, वर तारीख आणि लॉट नंबर. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज नको, त्याचं तापमान वरखाली होत राहतं. अँटिबॉडीच्या द्रावणात अर्धं ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ती गोठतच नाही, मग ही कटकटही नाही.

वापरलेली प्रायमरी (प्रथिनाला धरणारी पहिली अँटिबॉडी) सोडियम अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) घालून ठेवता? ठेवा, पण मेम्ब्रेन नीट धुवा. अझाइड एचआरपीला, म्हणजे बँड दिसायला लावणाऱ्या एन्झाइमला, मारतं.

इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये (अँटिबॉडीने एखादं प्रथिन जोडीदारांसकट बाहेर ओढताना) एचएसपी७०सारख्या शेपरॉनसोबत, म्हणजे इतर प्रथिनांना सांभाळणाऱ्या प्रथिनासोबत, काहीही वर येतं, चिकटणं हा त्याचा धंदाच आहे. काहीही न टोचलेल्या साध्या सशाच्या आयजीजीचा (अँटिबॉडीचा) तेवढ्याच मात्रेचा कंट्रोल नसेल तर तुमचा 'नवा जोडीदार' मला दाखवायला आणू नका.

आणि बँड फिका आला म्हणून प्रायमरी दुप्पट ओतू नका. ४ अंशांवर रात्रभर ठेवा, घरी जा, जेवा, झोपा.