"जरा केबिनमध्ये ये" असं नुसतं लिहू नका

मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये 11 वर्षं काम करते. 34व्या वर्षी मला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं निदान झालं. आमच्यासारख्यांना कामाचा ताण झेपत नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. जीएसटीची विवरणपत्रं, म्हणजे 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी, मग ऑडिट, हे सगळं आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे त्यात मी निवांत असते. मला ताण येतो तो जिथे अंदाज बांधत बसावं लागतं तिथे.

एकदा सकाळी साडेदहाला साहेबांचा मेसेज आला, "तीन वाजता जरा केबिनमध्ये ये." कशाला, ते काहीच नाही. तीन वाजेपर्यंत माझ्या हातून एक व्हाउचर तपासून झालं नाही. मागच्या महिन्याच्या सगळ्या नोंदी उघडून मी स्वतःची चूक शोधत बसले. डबाही तसाच राहिला. आत गेल्यावर कळलं की नवीन मुलीला टॅली शिकवशील का, एवढंच विचारायचं होतं. मी तिथेच त्यांना सांगितलं, "सर, पुढच्या वेळी विषय लिहाल का?" आता मेसेज असा येतो: "तीनला ये. मेच्या बिलांबद्दल बोलायचंय. 10 मिनिटं. काळजीचं काही नाही." लिहायला त्यांना अर्धं मिनिट जास्त लागतं आणि माझा अख्खा दिवस वाचतो.

तेव्हा सुरुवात इथूनच करा. कुणालाही बोलावताना विषय, वेळ आणि किती वेळ लागेल हे सांगा. "लवकर दे", "नीट बघून घे" यातून मला काहीच कळत नाही. "गुरुवारी पाचपर्यंत, गेल्या वर्षीच्याच एक्सेल फॉरमॅटमध्ये" असं म्हटलंत की माझं काम सुरू होतं. बसायची जागा बदलणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. सकाळी येऊन बघावं तर टेबलावर दुसऱ्याचा कॉम्प्युटर, असं होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट उजेडाची आणि आवाजाची. माझ्या डोक्यावर जुन्या चोकची ट्यूब होती. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. बहुतेकांना ते जाणवतही नाही. मला मात्र लेजरवरचे आकडे थरथरताना दिसायचे, आणि चोकची गुणगुण समोरच्या माणसाच्या बोलण्यापेक्षा मोठी वाटायची. इलेक्ट्रिशियन वर बघून म्हणाला, "चालूच आहे की, मॅडम." दोन वर्षं मी रोज डोकं धरून घरी गेले. ती काढून चांगल्या प्रतीची एलईडी बसवायला पाच मिनिटं लागली. म्हणून कुणी म्हणालं की दिवा त्रास देतोय, तर आपल्याला दिसत नाही म्हणून ते खोटं धरू नका. हेडफोन लावून बसलेल्या माणसाला शिष्ट समजू नका.

पण माझी सोय ती सगळ्यांची सोय, असंही नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचणं-लिहिणं त्याला अवघड जातं. मला सूचना लिहून हव्या असतात आणि त्याला लांबलचक ईमेल म्हणजे शिक्षा. व्हॉइस मेसेज पाठवला की तो एका ऐकण्यात काम उरकतो. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि एका जागी स्थिर बसणं अवघड जाणं) असलेल्या आमच्या एका मैत्रिणीला फेऱ्या मारत फोनवर बोलल्याशिवाय सुचत नाही, आणि तिच्या फेऱ्यांनी माझं लक्ष उडतं. तिला कॉरिडॉर दिला, प्रश्न मिटला. विचारा, म्हणजे कळेल. विचाराल ते एकट्यात, आणि उत्तर स्वतःपाशीच ठेवा. निदान कुणाला सांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

मी डोळ्यांत बघून बोलत नाही, कारण बघायला लागले की ऐकू येणं कमी होतं. फार गोंधळ झाला की माझी वाचाच बसते. अशा वेळी "काय झालं, काय झालं" असं सगळे भोवती जमतात, पाठीवर हात ठेवतात, आणि मला आणखी गुदमरायला होतं. आमची एक सिनियर ताई मात्र काही न बोलता समोर वही-पेन ठेवते, दिवा मालवते आणि दार ओढून घेते. 20 मिनिटांनी मी कामावर असते. तुम्हीही एवढंच करा.

हे कुणी उपकार म्हणून करायचं नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडीचं स्वतंत्र नाव त्यात नाही, आणि ते असायला हवं असं मला वाटतं. याच कायद्याच्या कलम 21 नुसार खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या एचआरकडे ते मागून वाचा.

ऑफिसबाहेर तर अंदाजांना अंतच नसतो. लग्नात कुणीतरी गाल धरून विचारतं, "ओळख बघू मी कोण?" मला चेहरे पटकन ओळखू येत नाहीत आणि सगळे उत्तराची वाट बघत उभे असतात. त्यापेक्षा "मी नाशिकची सुमनमावशी" असं सांगून टाका, मला खरंच आनंद होईल. सोसायटीत ढोल-ताशा किंवा डीजे असेल तर किती ते किती वाजणार, हे ग्रुपवर आधी टाका. तेवढा वेळ मी कारखान्यात वापरतात तसले इअरमफ लावून बसते किंवा बहिणीकडे जाते.

मागच्या वर्षी मावसभावाचं साताऱ्याला लग्न झालं. त्याने आठ दिवस आधी मला लिहून पाठवलं: मुहूर्त कधी, पहिली पंगत कधी, बँड कुठून कुठपर्यंत. कार्यालयातली मागची खोली त्याने माझ्यासाठी ठेवली आणि किल्ली माझ्याच हातात दिली. मी तिथे दोनदा जाऊन पडले. अक्षता टाकल्या, पंगतीला बसले, आणि पहिल्यांदाच एखाद्या लग्नातून सगळ्यांचा निरोप घेऊन निघाले.