घोटा दुखतोय? बसून राहू नका, पण या चुका टाळा

माझा डावा पाय पहिल्यांदा मुरगळला तो श्रावणात, घरून खाली रस्त्याला उतरणाऱ्या पाखाडीवर. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, वर हिरवंगार शेवाळ, हातात दुधाची किटली. किटली वाचवली, पाय गेला. महिन्याभरात दुखायचं थांबलं आणि मी विसरलो. पुढच्या शिमग्यात पालखी नाचवताना तोच घोटा पुन्हा आत वळला. मग लावणीच्या चिखलात. मग एकदा चक्क सारवलेल्या सपाट खळ्यात, काही कारण नसताना. तेव्हा कुठे फिजिओथेरपिस्टची पायरी चढलो. पाखाडीचा दोष एकदाच होता, पुढच्या तिन्ही वेळा चूक माझी होती, हे तिथे कळलं.

दुखायचं थांबलं म्हणजे बरा झाला, असं धरून चालणं

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन लिगामेंट असतात, हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या. पाय आत वळला की बहुतेक वेळा त्यातली पुढची आधी ताणते किंवा फाटते. ती भरून येते, पण पुष्कळदा जरा सैलच. खरी गोम पुढेच आहे. पाय कुठल्या कोनात पडतोय याची खबर वर मेंदूला देणारे मज्जातंतू तिथेच असतात, तेही दुखावतात. खबर उशिरा पोचते, स्नायू उशिरा आवळतात, तोवर पाय वळलेला असतो. आंबेहळदीचा लेप लावा, निगडीच्या पाल्याने शेका, बरं वाटेल, पण ही खबर काही सुधारणार नाही. ती सरावानेच सुधारते.

आधी परीक्षा घ्या. पडवीच्या खांबाशेजारी उभे राहा, चांगल्या पायावर, मग दुखऱ्या पायावर. माझा उजवा पाय अर्धा मिनिट सहज उभा राहायचा, डाव्यावर आठ-दहा सेकंदांत खांबाला हात. तेव्हापासून रोज सकाळी दात घासतो ते डाव्या पायावर उभं राहून. घरात मला बगळा म्हणतात, म्हणू देत. जमिनीवर जमायला लागलं की घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहायचं, मग खांब हाताशी ठेवून डोळे मिटून.

दुसरा व्यायाम घोटा बाहेरच्या बाजूने सावरणाऱ्या स्नायूंचा. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचा फास बाकाच्या पायाला अडकवा, दुसरं टोक पावलात. टाच जमिनीला टेकवून पाऊल सावकाश बाहेर ओढायचं, त्याहून सावकाश परत आणायचं. पंधरा-पंधराचे तीन फेरे. दीड-दोन महिने नेटाने केलं की फरक कळतो. आठवडाभरात सोडून देणाऱ्यांनी सुरू न केलेलंच बरं.

एक तर खाट, नाहीतर डोंगर

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा केली. चार दिवस पाय उशीवर, पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या, कलमांना फेरी, सहाव्या दिवशी परत उशी. पूर्ण विश्रांतीने स्नायू सुकतात आणि सांधा आखडतो. असा घोटा एकदम चढाला लावला की कुरकुरणारच.

त्यापेक्षा दुखण्याला दहापैकी मार्क द्या. काम करताना चारपर्यंत गेलं तर चालेल. पण निकाल लागतो दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठून न्हाणीपर्यंत जाताना. ती पहिली दहा पावलं कालच्यासारखीच असतील तर कालचं चालणं पायाला मानवलं. जड गेली, सूज दिसली, तर आज निम्मं चाला. निम्मं म्हणतोय, शून्य नव्हे.

मऊ वाळूत अनवाणी फिरणं

मुंबईहून आलेले पाहुणे हमखास सांगतात, तुमच्याकडे समुद्र आहे, वाळूत चाला, पायाला चांगलं. धडधाकट पायाला असेलही. कोरड्या वाळूत पाऊल रुततं, दर वेळी वेगळ्या कोनात, आणि सैल घोट्याला तेच नको असतं. शिवाय पुळण समुद्राकडे उतरती. उताराकडच्या पायाची बाहेरची कड खाली जाते, म्हणजे ज्या बाजूला तो मुरगळतो त्याच बाजूला कलतो. दुखरा पाय चढाकडे ठेवला तरी परतताना तो उताराकडे येतोच.

उपाय म्हणजे ओहोटीची ओली, कडक, सपाट वाळू. दापोलीकडे मुरुड-कर्द्याला ती छान मिळते. वेळेसाठी कोळ्यांचा हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणून सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि फिरायला जागा थोडी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, पहाटे पाच-साडेपाचला. उजाडताना पुळण अशी पसरलेली असते की पाय कुठे टाकू नि कुठे नको.

झिजलेली स्लिपर

तुमची स्लिपर उलटी करून बघा. बाहेरची कड झिजली असेल तर ती रोज तुमचा पाय मुरगळायच्या दिशेलाच ढकलतेय. पावसात मागे पट्टा असलेली सँडलच घाला. पाखाडी तारेच्या ब्रशने घासून घ्या आणि बेड्यापासून, म्हणजे अंगणाच्या फाटकापासून, न्हाणीपर्यंत माडाच्या झावळ्या अंथरा. आपले आजे-पणजे हे करायचे, आपण फरशी घातली आणि विसरलो.

नव्या सुजेवर चोळणं, पाय ओढून घेणं

ताज्या मुरगळण्यावर पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, गरम शेक नको, आणि पाय ओढून ‘बसवून’ घेणं तर नकोच. फ्रॅक्चर असेल तर? कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली यासाठी साधे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही हाडांपैकी एखाद्याच्या टोकाला किंवा मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे.

क्रेप बँडेज दिवसरात्र बांधून ठेवू नका. आणि पालखीआधी वेदनाशामक गोळी घेऊन नाचायचं म्हणजे घराला आग लागलेली असताना घंटा काढून ठेवण्यासारखं.

सगळं दुखणं एकच समजणं

टाचेच्या वरच्या जाड शिरेत, म्हणजे अकिलीस टेंडनमध्ये दुखत असेल तर वरचे व्यायाम पुरे पडत नाहीत. तिथे पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची. 1998 सालच्या आल्फ्रेडसन यांच्या पद्धतीत हे पंधराचे तीन फेरे दिवसातून दोनदा, बारा आठवडे करतात. मात्र दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा.

घोटा अचानक लाल, गरम होऊन रात्रीत सुजला तर युरिक ॲसिड वाढलेलं असू शकतं, सोबत ताप असेल तर सांध्यातला संसर्गही. पोटरीही सुजली असेल तर रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी नाही ना, हे बघावं लागतं. आणि मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: पाऊल गरम आणि सुजलेलं आहे पण फारसं दुखत नाही, हे चांगलं लक्षण नव्हे. आत हाडं ढासळत असू शकतात. त्या पायावर भार न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पालखी मी अजूनही खांद्यावर घेतो. देवळाच्या पायऱ्या आल्या की मात्र पुतण्याला हाक मारून खांदा बदलतो.