घरचं दाढीचं क्रीम का बिघडतं? आधी पाणी बघा, मग या चुका टाळा

घरी दाढीचं क्रीम किंवा साबण करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. फेस येत नाही, डबीला आठवड्यात वास येतो, दाढीनंतर गाल भगभगतात. मग लोक तेल बदलतात, साबण बदलतात. खरं तर पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. एक बादलीतल्या पाण्यामुळे होते, दुसरी डबीत शिरलेल्या पाण्यामुळे. तिसरीला बऱ्याचदा जबाबदार असतात स्वयंपाकघरातला लिंबू आणि खाण्याचा सोडा.

फेस फाटतो, साबणाला दोष

बेळगावात राकसकोप जलाशयातून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर छान फेसाळणारा साबण अथणी-रायबागकडे बोअरच्या पाण्यावर नेला की फाटू शकतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं. त्याचा न विरघळणारा पांढरा चोथा होतो. तो फेस मारतो, रेझरच्या पात्यात अडकतो आणि त्वचेवर राहून खाज आणतो.

तपासणी सोपी आहे. पारदर्शक बाटलीत १०० मिली पाणी घ्या, नखाएवढा किसलेला साबण टाका आणि दहा सेकंद जोरात हलवा. वर फेस टिकला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. पाणी दुधाळ होऊन वर साय आली तर जड. हीच तपासणी धुण्याच्या पावडरीने करू नका, ती जड पाण्यातही फेसाळते आणि फसवते.

जड पाणी उकळून काम होईल असं अनेकांना वाटतं. उकळल्याने त्यातला एकच भाग तळाशी बसतो, उरलेला तसाच राहतो. त्यापेक्षा फिल्टरचं आरओ पाणी किंवा पावसाळ्यात पहिले काही पाऊस सोडून धरलेलं पागोळीचं पाणी वापरा. एका दाढीला २०० मिली पुरतं. शेवटचा हातही त्याच पाण्याने फिरवा, म्हणजे चोथा मागे राहत नाही.

साबण करताना

नवख्याने कॉस्टिक सोड्यापासून सुरुवात करू नये, हे आमचं ठाम मत आहे. नारळाच्या तेलाचा साधा, बिनवासाचा साबण १०० ग्रॅम बारीक किसा. त्यात ३० मिली आरओ पाणी, ५ मिली ग्लिसरीन आणि ५ मिली एरंडेल घालून गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मऊ करा. वाटीत दाबून बसवा आणि तीन दिवस सावलीत वाळवा. ब्रश ओला करून वाटीत फिरवला की फेस येतो. एरंडेल यापेक्षा जास्त झालं तर फेस दबतो, आणि नेमकी हीच चूक जास्त होते. तेल चांगलं म्हणून मोठा चमचा भरून घातलं जातं.

कॉस्टिकनेच करायचं असेल तर चमच्याचं माप चालत नाही, एक ग्रॅमच्या आतलं वजन दाखवणारा काटा हवा. तेल बदललं की सोड्याचं प्रमाणही बदलतं. पाच टक्के तेल साबण न होता मोकळं ठेवायचं धरलं, तर १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १७ ग्रॅम कॉस्टिक लागतो, तेवढ्याच एरंडेलाला सुमारे १२. खोबरेल संपलं म्हणून त्याच कृतीत एरंडेल ओतलं तर चार ग्रॅमच्या वर सोडा तसाच मोकळा राहील आणि गाल भाजेल. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, त्यावर सोड्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. स्टील घ्या. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. साबण चार आठवडे मुरू द्या. मोरी साफ करायची मिश्र पावडर यात वापरू नका.

डबीत पाणी शिरलं की

कोरफड, गुलाबपाणी, कडुनिंबाचा काढा, दही यांपैकी काहीही घातलेली डबी बाहेर ठेवली की खराब होणारच. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तर चपलेवरही बुरशी चढते, तिथे ओल्या क्रीमची काय कथा. व्हिटॅमिन ई घातलं म्हणजे टिकेल, हा समज चुकीचा आहे. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतू आणि बुरशीवर त्याचा उपयोग नाही.

म्हणून पाण्याचं आणि तेलाचं वेगळं ठेवा. कोरफडीचं पान कापून वीस मिनिटं उभं ठेवा. खाली पिवळा चीक उतरतो, तो टाकून द्या, कारण त्यानेच अनेकांना खाज सुटते. आतला गर धुऊन मिक्सरला लावा आणि बर्फाच्या साच्यात गोठवा. दाढीनंतर एक तुकडा पुरे. फ्रीजमध्ये नुसताच ठेवलेला गर चार-पाच दिवसांच्या आत संपवा.

बिनपाण्याचं क्रीम मात्र महिनोन्‌महिने टिकतं. कोकमाचं घट्ट तेल ३० ग्रॅम, खोबरेल ५० आणि तिळाचं तेल २० ग्रॅम एकत्र वितळवा, गार करा आणि घट्ट होऊ लागलं की फेटा. गाळलेलंच तेल घ्या. घाण्यावरून थेट आणलेल्या तेलातला गाळ लवकर खवटतो. बेळगावच्या थंडीत क्रीम दगडासारखं होत असेल तर कोकमाचं तेल २० ग्रॅम करा आणि कमी केलेले दहा ग्रॅम तीळतेलात वाढवा. खोबरेल २४-२५ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये डबीत पाणीदार होतं. तेव्हा कोकम ४५ आणि खोबरेल ३५ ग्रॅम ठेवा. रवाळ झालं तर समजा फार सावकाश गार झालं. पुन्हा वितळवून भांडं थंड पाण्यात धरा आणि सतत ढवळा. पण आत एक थेंबही पाणी उडू देऊ नका. डबीतून क्रीम काढायला कोरडा चमचा वापरा, ओलं बोट घालू नका.

हे क्रीम फेसाळत नाही, आणि तशी अपेक्षाही नको. कोरडी त्वचा असेल, पाय किंवा काखा करायच्या असतील तर छान. हरभऱ्याएवढं पुरतं. मात्र पातं चिकट होतं, म्हणून प्रत्येक दोन-तीन फटकाऱ्यांनंतर कोमट पाण्यात धुवा.

तुरटी, लिंबू, हळद आणि बाकीची औषधं

बेळगावच्या रविवार पेठेत किंवा गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात तुरटी मिळते आणि ती उपयोगीही आहे. पण क्रीममध्ये घालू नका. तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाशी मिळून न विरघळणारा पदार्थ तयार होतो, फेस तिथेच बसतो. दाढी झाल्यावर ओला खडा हलक्या हाताने फिरवा, अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका. जोरात घासू नका. घरातल्या सगळ्यांसाठी एकच खडा ठेवायची पद्धत सोडा. रक्त लागलेल्या खड्यावरून हिपॅटायटिस बी सारखा संसर्ग पसरू शकतो.

ताज्या दाढीवर लिंबू चोळणं ही घरगुती उपायांतली सगळ्यात वाईट सवय आहे. लिंबाचा रस फार आम्ल, आणि त्याहून वाईट म्हणजे सालीतल्या काही द्रव्यांमुळे उन्हात गेल्यावर त्वचा जळून काळे डाग उरतात. शेतावर जाणाऱ्यांनी तर अजिबात नको. खाण्याचा सोडा उलट बाजूने बिघडवतो: त्वचेचा स्वाभाविक पीएच (आम्ल-अल्कली दाखवणारा आकडा, सातच्या खाली आम्ल) साधारण ४.५ ते ५.५ असतो, सोड्याचं पाणी आठच्या वर जातं.

बेसन पात्यात अडकतं, हळद टॉवेल आणि गाल दोन्ही रंगवते. मुलतानी माती शंभर ग्रॅमला एक छोटा चमचा ठीक आहे. पुदिना, लवंग, निलगिरीचं सुगंधी तेल घालायचंच असेल तर १०० ग्रॅमला दहा थेंबांवर जाऊ नका, आणि लवंग तर टाळाच. कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, मगच चेहऱ्याला लावा.

सगळं नीट असूनही पुटकुळ्या येत असतील तर पातं बदला. पाच-सहा दाढ्यांनंतर धार जाते. केस वाढतात त्या दिशेने आधी करा, उलटी फिरवाफिरवी कमी. पुटकुळीत पू भरला किंवा लाली पसरत चालली की दाढी थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.