फोनला घरातले आवाज ओळखू येत नाहीत? आधी या चुका तपासा

सांगलीच्या गणपती पेठेत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. विश्रामबागचे एक निवृत्त गुरुजी मध्यंतरी फोन काउंटरवर आपटून म्हणाले, "काय ओ, हे मशीन माझ्यापेक्षा बहिरं आहे की!" त्यांना कमी ऐकू येतं. दाराची बेल वाजली की फोन थरथरावा म्हणून मुलानं आवाज ओळखायची सोय चालू करून दिली होती. बेल वाजून पाहुणे परत जायचे, फोन गप्प. आणि रात्री वीज गेली की 'स्मोक अलार्म' म्हणून थयथयाट.

बिघाड फोनमध्ये नव्हताच. हे सॉफ्टवेअर परक्यांच्या घरात वाढलंय, हे आधी डोक्यात बसवायला हवं. आवाज ओळखायच्या धंद्यातली एक जुनी कंपनी म्हणजे इंग्लंडमधल्या केंब्रिजची ऑडिओ अॅनालिटिक. काच फुटल्याचा आवाज यंत्राला शिकवायचा म्हणून तिथल्या लोकांनी नाना तऱ्हेच्या खिडक्या खरोखरच फोडल्या. २०२२ मध्ये ती फेसबुकवाल्या मेटानं विकत घेतली. आयफोनवर ही सोय २०२० च्या आयओएस १४ पासून आहे, अँड्रॉइडवरही गूगलनं त्याच वर्षी आणली. आयफोनची यादी उघडून बघा: केटल आहे, कुकर नाही.

त्यामुळे पहिली चूक हीच, की यादीत 'डोअरबेल' दिसली म्हणून आपली बेल आपोआप कळेल असं धरून चालणं. तिथं अपेक्षा 'डिंग डाँग'ची. गुरुजींच्या दाराला चिमण्यांची किलबिल! ती फोनला स्वतः शिकवावी लागते. आयफोनवर आयओएस १६ पासून आपली बेल रेकॉर्ड करून ठेवता येते. अँड्रॉइडच्या साउंड नोटिफिकेशन्समध्येही स्वतःचा आवाज घालता येतो, तिथं सलग २० सेकंद रेकॉर्डिंग लागतं. आपली बेल पाचसहा सेकंदांत थांबते, तेव्हा दाराशी एकाला उभं करून बटण पुन्हा पुन्हा दाबायला लावा. पंखा बंद, टीव्ही बंद. आणि फोन बेलच्या तोंडाशी धरू नका, एरवी तो जिथं पडलेला असतो तिथंच ठेवून रेकॉर्ड करा. गुरुजींच्या मुलानं बेलखाली उभं राहून रेकॉर्डिंग केलं होतं आणि फोन राहायचा आतल्या खोलीत उशीखाली. भिंत ओलांडून आलेला आवाज फोनला नवाच वाटणार.

आता वीज गेल्यावरचा थयथयाट. धुराच्या अलार्मची एक ठरलेली चाल असते: अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके, मग दीड सेकंद शांतता, पुन्हा तीन. गुरुजींचा जुना इन्व्हर्टर बॅटरी उतरली की जवळपास तसाच पीं पीं पीं करतो. मी दुकानात बसून मोबाईलवरून तो आवाज ऐकवला, फोन लगेच फसला. आपल्याकडच्या बहुतेक घरांत धुराचा अलार्म नसतोच, मग तो पर्याय बंद केलेला बरा. तसा तो असला तरी अशा धोक्याच्या वेळी या सोयीवर विसंबू नका, असं अॅपल स्वतःच बजावते. आणि गॅसगळतीला आवाजाचा उपयोग नाही. तिथं नाकच लागतं.

कुकरवरून तर रोज एक तरी प्रश्न येतो. "दादा, तीन शिट्ट्या झाल्या की सांगेल का हो?" नाही, काकू. हे सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे तुकडे पाडतं; गूगलच्या यामनेट या आवाज ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये तुकडा ०.९६ सेकंदाचा असतो. त्या तुकड्याचं चित्र करून ते ५२१ प्रकारांपैकी कशाशी जुळतंय एवढंच बघतं. ही शिट्टी कितवी, हा हिशेब त्या कामात बसत नाही.

बाकीच्या चुका साध्या आहेत. अँड्रॉइडवर बॅटरी सेव्हर चालू असेल तर आवाज ओळखणारं अॅप मागच्या मागे झोपतं. अॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. माइकची परवानगी तपासा. सगळे आवाज एकदम चालू करू नका. रस्त्याकडेच्या घरात 'कार हॉर्न' चालू ठेवलात तर संध्याकाळपर्यंत वैतागून फोन बाजूला ठेवाल, आणि मग बेलही चुकेल.

माइकचं भोक मात्र नीट बघा. मार्केट यार्डातले फोन मी भिंग लावूनच उघडतो, कारण खालच्या भोकात हळदीची पिवळीधम्मक गुळी बसलेली असते. बोलताना फारसं जाणवत नाही, पण लांबचा बारीक आवाज अडतो. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो आणि मग माइकच बदलावा लागतो. कोरडा मऊ ब्रश, फोन उलटा धरून, बस्स. जाड कव्हरही भोक झाकतं; काढून एकदा बेल वाजवून बघा.

गुरुजींचा फोन आता दिवाणखान्यात टीव्हीशेजारच्या फळीवर असतो, बेल आणि दारावरची थाप एवढंच चालू. थरथर कळत नाही म्हणून फ्लॅशही लावून दिलाय. कुकरसाठी बाईंनी ओट्यावर गजराचं घड्याळ ठेवलंय.